कोल्डप्लेची अकरावी-बारावी : क्लास कुणाचा लावणार?

हॅरी पॉटरची पुस्तकं किती? सात. बीटल्सचे अल्बम किती? साधारण साडेबारा. हा हिशेब आमचा नाही बरं का, ख्रिस मार्टिनचा आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ‘मून म्युझिक’ आला, तेव्हा एका मुलाखतीत त्याने हीच उदाहरणं दिली आणि ठणकावून सांगितलं, की कोल्डप्लेचे स्टुडिओ अल्बम बाराच होणार. तेरावा नाही. ‘मून म्युझिक’ हा दहावा. म्हणजे उरले किती, हे काढायला कॅल्क्युलेटर नको.

थोडक्यात काय, तर कोल्डप्ले दहावी पास होऊन अकरावी-बारावीत आलंय. आणि आपल्याकडे दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की घरात पुढचा प्रश्न कुठला येतो? क्लास कुणाचा लावायचा?

जगभरचे कोल्डप्लेचे फॅन सध्या हाच प्रश्न चघळतायत. त्यांच्या भाषेत तो असा : पुढच्या अल्बमचा प्रोड्यूसर कोण? २०२५च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मनगटावर लुकलुकणारा बँड बांधून तुम्ही उड्या मारल्या असाल, किंवा अहमदाबादचा शो घरी बसून स्क्रीनवर बघितला असेल, तर हा प्रश्न तुमचाही आहे. कारण गाणी हे चौघं लिहितात, पण ती तुमच्या कानात कशी वाजणार, हे बऱ्याच अंशी पाचव्याच माणसाच्या हातात असतं.

प्रोड्यूसर म्हणजे पैसेवाला नव्हे

आपल्याला सिनेमामुळे निर्माता म्हटलं की चेकबुक आठवतं. म्युझिक प्रोड्यूसरचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. त्याची तुलना करायचीच, तर एकांकिकेच्या दिग्दर्शकाशी करा. करंडकाची तालीम आठवा. लेखक खूश आहे, नटांचं पाठांतर चोख आहे, आणि समोर खुर्ची टाकून बसलेला एक जण शांतपणे म्हणतो, ‘हा अख्खा प्रवेश काढ.’ सगळ्यांचा जीव तुटतो. पण प्रयोग उभा राहतो तो त्या काढलेल्या प्रवेशामुळे.

स्टुडिओत प्रोड्यूसर नेमकं हेच करतो. बँडने आणलेल्या तीसेक गाण्यांतली कुठली ठेवायची? गाण्याचा वेग किती? कडवं आधी की ध्रुवपद? ड्रम कोरडे वाजावेत की घुमावेत? गिटार कुठे गप्प बसावी? गायकाने आठ वेळा गायलेल्या ओळीतला कुठला टेक वापरायचा? माइक लावणं आणि आवाज टिपणं हे रेकॉर्डिंग इंजिनीअरचं काम. पण काय टिपायचं आणि काय टाकून द्यायचं, याचा निवाडा प्रोड्यूसरचा.

आपल्या हिंदी सिनेसंगीताच्या सुवर्णकाळात यातलं बरंचसं काम अरेंजर करायचे. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या चालींना वाद्यवृंदाचं रूप देणारे गोव्याचे सॅबेस्टियन डिसोझा हे त्यातलं मोठं नाव. चाल संगीतकाराची. पण व्हायोलिनचा जथा कधी अंगावर येणार आणि कधी मागे सरकणार, हे त्यांचं. पोस्टरवर नाव नाही, कानावर मात्र कायमची छाप.

दहा अल्बम, किती गुरुजी?

आता कोल्डप्लेचं प्रगतिपुस्तक उघडू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भेटलेली ही चार पोरं : ख्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन. तुमच्यासारखीच हॉस्टेलवाली. २०००मध्ये पहिला अल्बम आला, ‘पॅराशूट्स’. त्याचा मुख्य प्रोड्यूसर केन नेल्सन. त्याची खुबी अशी, की तो बँडच्या वाटेत येत नाही. ‘येलो’ ऐका. गिटार, बेस, ड्रम, आवाज. चार जण एका खोलीत वाजवतायत, एवढंच. २००२चा ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’सुद्धा नेल्सनसोबतच झाला.

त्या दुसऱ्या अल्बमचा एक किस्सा बँड बनवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. अल्बमचं काम जवळपास उरकलं होतं. तेव्हा पियानोवरची एक नवी धून तयार झाली. बँडने ती ‘पुढच्या अल्बमला बघू’ म्हणून बाजूला टाकली. ती ऐकून फिल हार्वी नावाचा मित्र अडून बसला. हा बँडचा जुना मॅनेजर, ज्याला ते आजही पाचवा सदस्य मानतात. हे गाणं आत्ताच घ्या, असा त्याचा हट्ट. ते गाणं म्हणजे ‘क्लॉक्स’. २००४मध्ये त्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. ज्यांनी ते बनवलं, त्यांनाच त्याची किंमत कळली नव्हती. ती बाहेरच्या कानाला कळली.

तिसऱ्या अल्बमला, म्हणजे २००५च्या ‘एक्स अँड वाय’ला, गाडी अडली. नेल्सनसोबत केलेलं बरंचसं काम बँडने रद्द केलं, डँटन सप्लाय या दुसऱ्या प्रोड्यूसरला बोलावलं आणि तारीख लांबत गेली. इतकी, की त्यांच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला फेब्रुवारी २००५मध्ये यंदा नफा कमी होणार, असं शेअर बाजाराला कळवावं लागलं. गोरिलाझ आणि कोल्डप्ले या दोघांचे अल्बम लांबले, हे त्यामागचं एक कारण. शेअर धाडकन पडला. चार मुलांना एका गाण्याचा शेवट जमत नव्हता आणि तिकडे गुंतवणूकदारांचे पैसे बुडत होते! अल्बम यथावकाश आला, तुफान खपलाही. पण तो ऐकताना जाणवतं, की प्रत्येक गाण्यात सगळंच ठासून भरलंय. काढून टाकणारं कुणी नव्हतं.

आणि मग आले ईनो सर

प्रत्येक कॉलेजात एक सर असे असतात, की ते पुस्तक उघडतच नाहीत. वर्ग झाडाखाली नेतात, विचित्र प्रश्न विचारतात आणि वर्षाच्या शेवटी कळतं, की आपण खरं जे शिकलो ते यांच्याकडूनच. ब्रायन ईनो हे रॉकमधले तसे सर.

ईनोने याआधी डेव्हिड बोवी, टॉकिंग हेड्स, यू-टू अशांसोबत काम केलं होतं. १९७५मध्ये पीटर श्मिट या चित्रकार मित्रासोबत त्याने पत्त्यांचा एक कॅट बनवला होता. स्टुडिओत गाडी अडली की त्यातलं एक पान ओढायचं आणि त्यावर लिहिलेली कोड्यासारखी सूचना पाळायची. सवयीने वाजवणारे हात थांबावेत, म्हणून हा सगळा खटाटोप.

कोल्डप्लेने त्याला बोलावलं तेव्हा त्याने आधी चांगलंच फैलावर घेतलं. तुमची गाणी लांबतात, त्याच त्या युक्त्या पुन्हा पुन्हा वापरता, सगळं भव्य केलं म्हणजे चांगलं होत नाही, अशी यादीच त्याने वाचली, हे मार्टिनने स्वतः सांगितलंय. विचार करा, तेव्हा हा जगातल्या सर्वांत मोठ्या बँडपैकी एक होता. त्यांना असं तोंडावर सुनावणारं दुसरं कोण होतं?

निकाल २००८मध्ये लागला : ‘व्हिवा ला व्हिदा’. ईनोसोबत मार्कस ड्रॅव्ह्ज आणि रिक सिम्प्सन हे दोघं प्रोड्यूसर होते. त्याचं शीर्षकगीत तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. आता एकदा नीट कान देऊन ऐका. रॉक बँडचं गाणं आहे, पण गाण्याची सूत्रं गिटारकडे नाहीत. सगळा डोलारा व्हायोलिन-चेलोच्या ठेक्यावर उभा आहे, मागे मोठा नगारा आणि घंटा. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याने ‘साँग ऑफ द इयर’चं ग्रॅमी आणलं. अल्बमलाही रॉक विभागातलं ग्रॅमी मिळालं. नाक मुरडणाऱ्या समीक्षकांनाही दखल घ्यावी लागली. जो सर झाडाखाली नेतो, त्याच्याच विषयात डिस्टिंक्शन आलं!

हिट देणारा क्लास

२०११च्या ‘मायलो झायलोटो’त ईनो होता, पण जरा मागच्या बाकावर. त्यानंतर दर वेळी नवी माणसं आली. २०१४च्या ‘घोस्ट स्टोरीज’मध्ये पॉल एपवर्थ, आणि एका गाण्यापुरता स्वीडिश डीजे अविची. ते एक गाणं म्हणजे ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’, ज्याच्यावर तुमच्या कॉलेजचा निम्मा फेस्ट नाचतो. २०१५च्या ‘अ हेड फुल ऑफ ड्रीम्स’ला स्टारगेट ही नॉर्वेची जोडी. याच अल्बममधल्या ‘हिम फॉर द वीकेंड’चा व्हिडिओ मुंबईत शूट झाला आणि त्यातली होळी नि साधू बघून ‘भारत म्हणजे एवढंच का?’ असा वादही रंगला. २०१९च्या ‘एव्हरीडे लाइफ’ला बाहेरचं बडं नाव नव्हतं. रिक सिम्प्सन, डॅन ग्रीन, बिल राहको ही घरचीच टीम. गंमत म्हणजे त्यांचा सगळ्यात बिनधास्त अल्बम तोच निघाला. त्यात चर्चमधल्या कॉयरसारखं समूहगान आहे, फेमी कुटीचा सॅक्सोफोन आहे, फारसी शीर्षकाचं गाणंही आहे.

आणि मग मॅक्स मार्टिन. ख्रिस आणि मॅक्स दोघंही मार्टिन, पण नातं काही नाही. हा स्वीडनचा माणूस म्हणजे पॉपमधला ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ असलेला क्लास. ब्रिटनी स्पीअर्सचं पहिलं सुपरहिट गाणं, बॅकस्ट्रीट बॉइजचं ‘आय वाँट इट दॅट वे’, टेलर स्विफ्टचं ‘ब्लँक स्पेस’, द वीकेंडचं ‘ब्लाइंडिंग लाइट्स’ या सगळ्यांत त्याचा हात. चाल म्हणजे गणित, असं मानणारा. ओळीतली अक्षरं किती, ध्रुवपद कितव्या सेकंदाला यायला हवं, सगळं मोजूनमापून. २०२१चा ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ त्याने केला. त्यातलं बीटीएससोबतचं ‘माय युनिव्हर्स’ आठवा. गाणं सुरू होतं तेच थेट ध्रुवपदाने. वाट बघायला लावतच नाही. थेट बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर अवतरलं. ‘मून म्युझिक’चाही मुख्य प्रोड्यूसर तोच.

जुने फॅन इथे दातओठ खातात. ‘रॉक बँडचा पॉप बँड करून टाकला!’ पण जरा थांबा. स्टेडियममध्ये हजारो अनोळखी माणसं पहिल्याच ऐकण्यात एका सुरात गाऊ शकतात, ही साधी गोष्ट नाही. मॅक्स मार्टिनचं कसब तिथे दिसतं. प्रश्न वेगळा आहे. स्टेडियम तर जिंकून झालं. अहमदाबादला एका रात्रीत लाखाहून जास्त माणसं जमली. मग उरलेल्या दोन अल्बमांनी काय मिळवायचंय?

कट्ट्यावरचा अंदाज

आता येऊ मुख्य मुद्द्यावर. हे सगळे अंदाज आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. अकरावा अल्बम म्युझिकलच्या अंगाने जाणारा असेल आणि बाराव्याला बँडचंच नाव असेल, तो साधा, सुरुवातीच्या दिवसांकडे वळणारा असेल, असं ख्रिस मार्टिनने वेगवेगळ्या मुलाखतींत सुचवलंय. हे खरं धरलं, तर दोन्ही पेपर वेगळे आहेत आणि दोन्हीला एकच क्लास चालणार नाही.

अकराव्यासाठी आमची पैज जॉन हॉपकिन्सवर. नाव फारसं ऐकलं नसेल, पण हा ‘व्हिवा ला व्हिदा’पासून या बँडच्या आसपास आहे. ‘घोस्ट स्टोरीज’मधलं ‘मिडनाइट’ ऐका, ज्यात मार्टिनचा आवाज माणसाचा की यंत्राचा तेच कळत नाही. ती हॉपकिन्सची छाप. ‘मून म्युझिक’ उघडतो त्या पहिल्या गाण्यातही तो आहे. गोष्ट सांगणारा, दृश्यं डोळ्यांपुढे उभी करणारा अल्बम करायचा, तर असा वातावरण बांधणारा माणूस हवा. सोबत घरची टीम असेलच. आणि दोन-तीन गाण्यांना रेडिओवर पळवायला मॅक्स मार्टिन. म्हणजे शाळेचे सर आणि क्लासचे सर, दोन्ही.

बाराव्याचं मात्र अवघड आहे. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं केन नेल्सनचं. जिथून सुरुवात, तिथेच शेवट. ऐकायला किती गोड! पण या गोडव्याचीच भीती वाटते. पन्नाशीच्या आसपासच्या माणसांनी वीस-बावीसच्या वयातला आवाज पुन्हा काढायचा म्हटलं, की तो रीयुनियनचा फोटो होतो. सगळे हसतायत, शर्ट मात्र कुणालाच नीट बसत नाही. दुसरं नाव रिक रुबिनचं. १९९४मध्ये उतारवयातल्या जॉनी कॅशला त्याने एक गिटार घेऊन समोर बसवलं, बाकी सगळा साज काढून टाकला आणि ज्याला इंडस्ट्रीने निवृत्त ठरवलं होतं, त्याचा सूर्य पुन्हा उगवला. साध्या अल्बमासाठी असा हात चांगला.

पण आमचं मत ईनोला. वय बघू नका, आणि तो ‘हो’ म्हणेल का, हाही प्रश्न सोडा. मुद्दा असा, की हा बँड सर्वांत चांगला वाजलाय तो कुणीतरी त्यांना अडवलं तेव्हा. हार्वीने ‘क्लॉक्स’ बाजूला टाकू दिलं नाही. ईनोने जुन्या युक्त्या वापरू दिल्या नाहीत. आज त्यांच्या भोवती कोण आहे? त्यांच्यावर प्रेम करणारी घरची टीम, हिटची खात्री देणारा जादूगार, आणि ‘आय लव्ह यू ख्रिस’ म्हणून ओरडणारे लाखो लोक, ज्यात तुम्ही-आम्हीही आलो. यातला ‘हे गाणं नको’ असं कोण म्हणणार?

मार्टिनला हे कळत असावं. बाराचीच मर्यादा का, याचं त्याने दिलेलं कारण तेच आहे. मर्यादा असली की दर्जाची चाळण बारीक होते, गाण्याला आत शिरणं जवळपास अशक्य होतं, असं तो म्हणतो. म्हणजे ‘बारा’ हा आकडा हाच त्यांचा एक प्रोड्यूसर झालाय, रोज दारात उभा राहून नाही म्हणणारा. पण आकडा फक्त ‘किती’ ते सांगतो. ‘कुठलं’ ते सांगायला माणूसच लागतो. म्हणूनच शेवटच्या अल्बमच्या कव्हरवर काय छापलंय यापेक्षा मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, कुणाचं नाव आहे हे आम्ही आधी बघू.

तोवर गृहपाठ

अल्बम येईपर्यंत एक प्रयोग करून बघा. चांगले इअरफोन लावा आणि या क्रमाने पाच गाणी ऐका : ‘येलो’, ‘क्लॉक्स’, ‘व्हिवा ला व्हिदा’, ‘मिडनाइट’, ‘माय युनिव्हर्स’. शब्दांकडे लक्ष देऊ नका. फक्त तीन गोष्टी बघा. गिटार कुठे आहे? ध्रुवपद कधी येतं? गायकाचा आवाज तुमच्या कानाशी आहे की दूर डोंगरावर? तेच चौघं, तोच गळा, आणि पाच वेगळ्या खोल्या. त्या खोल्या बांधणारी माणसं आता तुम्हाला ठाऊक आहेत. नंतर तुमच्या आवडत्या कुठल्याही गाण्याच्या तीन टिंबांवर क्लिक करून क्रेडिट्स उघडा. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसतील. मग कळेल, की आपण ज्याचे फॅन समजत होतो, त्याच्यासोबत नकळत आणखी एकाचे फॅन होतो.

आणि तुमच्यातल्या ज्यांचा स्वतःचा बँड आहे, त्यांच्याशी जरा वेगळं बोलायचंय. आज लॅपटॉप, एक माइक आणि बेडरूमची बंद खिडकी एवढ्यावर गाणं बनतं. रात्री सुचलं, पहाटे अपलोड. लिहिणारे तुम्ही, वाजवणारे तुम्ही, मिक्स करणारेही तुम्ही. स्टुडिओचं भाडं वाचलं, हे खरंच मोठं आहे. पण त्या भाड्यासोबत समोरच्या खुर्चीत बसणारा तो एक माणूसही वाचला. गाणं टाकलं की मित्रांचे आगीचे इमोजी येतात, आणि आपल्याला वाटतं झालं काम.

प्रोड्यूसर परवडत नसेल, तर फिल हार्वी शोधा. त्याच्याकडे कुठली डिग्री होती म्हणून ‘क्लॉक्स’ वाचलं नाही. तो मित्र होता, त्याला कान होता आणि भांडायची तयारी होती. तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण नक्की असतो. गाणं ऐकून लगेच ‘भारी’ न म्हणणारा, थोडा वेळ गप्प राहणारा आणि मग ‘दुसरं कडवं काढ’ म्हणणारा. आपण त्याला नेमकं शेवटी ऐकवतो, किंवा ऐकवतच नाही. पुढचं गाणं त्याला सगळ्यात आधी पाठवा. अपलोडच्या आधी. आणि त्याने ‘काढ’ म्हटलेलं कडवं एकदा खरंच काढून बघा. नाही पटलं तर परत घालता येतं, फाइल कुठे पळून जात नाही.